आधी मूठ, मग औषध

आमच्या घरात माझे सदरे वेगळ्या खुंटीला टांगलेले असायचे. बायकोचा तसा दंडकच होता. "लोकांचे नवरे कचेरीतून घरी येतात, माझा दारूगोळ्याच्या कोठारातून येतो," असं ती शेजारणीला सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. शेतकी खात्यात मी कामदार होतो आणि माझी निम्मीअधिक नोकरी गंधक वाटण्यात गेली. सदरा कितीही धुतला तरी वास जात नसे. कुठे सभेला गेलो की शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. एवढी ऐसपैस जागा मोठ्या साहेबाला मिळते, मला ती फुकटात मिळाली.

कामदार म्हणजे कोण, ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. साहेब अकोल्याला बसून कागद लिहायचे, आणि तो कागद वावराच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, पायी नेऊन वाचून दाखवायचा तो कामदार. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर एवढा मुलूख माझ्या पायाखाली होता. हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. पुढे मला सायकल मिळाली, पण आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलीला नेतो.

माझं मुख्य भांडण होतं ज्वारीच्या काणीशी. ज्वारी निसवते, म्हणजे कणीस बाहेर पडतं, मग भरतं, लांबून पाहावं तर पीक कसं झकास दिसतं. जवळ जाऊन दाणा चिमटीत फोडला की आत पीठ नाही, काजळी! दाण्याच्या जागी राखी रंगाची बारीक पिशवी असते आणि तिच्यात काळी भुकटी. ही भुकटी म्हणजे एक बुरशी, शिळ्या भाकरीवर येते तिच्याच भावकीतली. मळणीत बैलांच्या पायाखाली त्या पिशव्या फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते, तेच दाणे पुढल्या साली बियाणं म्हणून पेरले जातात आणि अंकुर फुटला की बुरशी त्याच्यात शिरते. मग तीन महिने काहीच कळत नाही. झाड वाढतं, हिरवंगार राहतं आणि कणसात दगा देतं.

उपाय तसा सोपा होता. पेरण्याआधी बी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवून काढायचं आणि वाळवायचं. पुढे पाण्याची भानगड गेली, नुसती गंधकाची भुकटी चोळायची पद्धत आली. एक पुडी चार-पाच एकरांच्या बियाण्याला पुरायची. पण बी दिसायला चांगलं, टपोरं, स्वच्छ. त्याला रोग आहे हे पटवायचं कसं? लोक काणीला दृष्ट म्हणत, अमावास्येचा दोष म्हणत, कुणी वीज चमकल्याचा परिणाम म्हणत. मी बुरशी म्हणायचो. या सगळ्यांत माझंच कारण लोकांना सर्वांत थापेबाजीचं वाटायचं.

मंगरूळपीरच्या बाजारात मी पुड्या घेऊन बसत असे. एकदा एका गृहस्थानं एकदम सहा पुड्या उचलल्या. मी हरखून गेलो, डायरीत त्याचं नाव प्रगतिशील शेतकरी म्हणून लिहिलं. दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा भेटला. ज्वारी कशी आहे, विचारलं.

"ज्वारी हाये तशीच काळी हाये जी," तो म्हणाला. "पन आमच्या जवायाची खरूज बेस बरी झाली. अजून दोन पुड्या द्या, इहिनीले पाह्यजेत."

डायरीतलं नाव मी खोडलं नाही. प्रगती झालीच होती, फक्त वावरात नाही.

एका गवळ्यानं गोऱ्ह्याच्या मानेवरचा नायटा दाखवला. गुरांचं काम माझ्याकडे नव्हतं, पण नायटा ही बुरशीच, म्हणून करंजाच्या तेलात गंधक कालवून लावायला सांगितलं. गोऱ्हा बरा झाला आणि माझ्या दाराशी गुरांची रीघ लागली. साहेबांना कळलं असतं तर धडगत नव्हती.

पण नुसती फुशारकी नको. कपाशीच्या मर रोगापुढे मी हात टेकले. ती बुरशी मातीतून मुळात शिरते. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतं, खोड चिरलं तर आत तपकिरी रेघ दिसते. तिच्यासाठी माझ्या पिशवीत काहीही नव्हतं. कारंज्याच्या वाटेवर एका म्हाताऱ्यानं वाळलेलं झाड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "नाव तं सांगतलं तुमी, आता औषिद सांगा." मी म्हणालो, उपटून जाळून टाका. "थे तं मले बी समजते," तो म्हणाला आणि चालू लागला. त्याची पाठ मला अजून दिसते.

आता जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

केनवडच्या अलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं आता दिवाळी अंक वाचतात. तिथे जमनाबाई नावाची एक विधवा होती. वय तीस-बत्तीस, पदरात एक लहान मुलगी. नवऱ्यामागे बारा एकर वावर ती स्वतः वाहत, म्हणजे कसत होती. नांगर-वखराला गडी लावायची, पण पेरणीला तिफणीच्या नळीत बी सोडायला स्वतः उभी राहायची. तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, सखारामजी. गावात वजन असलेला माणूस. त्यांचं म्हणणं, बाईनं घरी बसावं, वावर आपण वाहू आणि वर्षाची ज्वारी तिच्या घरी आणून टाकू. वरवर पाहता यात वाईट काही नव्हतं. पण एकदा वावर हातचं गेलं की ज्वारी मागायला आपल्यालाच त्यांच्या ओसरीवर उभं राहावं लागेल, हे जमनाबाई पुरती ओळखून होती.

लागोपाठ दोन वर्षं तिच्या ज्वारीत काणी पडली. तशी ती सगळ्यांच्याच वावरात होती, पण दिसायची तिच्याच वावरातली. विधवेच्या हातचं बी काळंच निघणार, असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत. शेवटी भासऱ्यांनी मारुतीच्या पारावर चार लोकांत सांगून टाकलं, "अजून एक साल पाहातो. याही खेपेला काळी निंगाली तं वावर मी वाहीन." आणि तिनं चार लोकांत मान डोलावली. दुसरं करणार तरी काय होती?

त्याच उन्हाळ्यात मी मोरचुदाच्या पुड्या घेऊन त्या गावात गेलो. गावानं माझं भाषण ऐकून घेतलं, मला पान दिलं, पुडी मात्र एकानंही घेतली नाही. लोक पांगल्यावर जमनाबाई पुढे आली.

"येच्यानं काणी जाते?"

"जाते."

"कागदात लिहेल हाये म्हनून सांगून राह्यले, का खरंच जाते?"

"बाई, नाही गेली तर माझं नाव बदला," मी म्हणालो. मी तेव्हा तरुण होतो, आणि नाव बदलणं स्वस्त वाटण्याचं ते वय असतं.

तिचं बी मी स्वतः उभं राहून भिजवून घेतलं. कागदात लिहिलं होतं, पेरणीच्या आठ दिवस आधी. बरोबर तसंच केलं. तिनं घंगाळात निळं पाणी केलं, बी बुडवलं, वर तरंगलेलं फोल काढून टाकलं, धुतलेल्या धोतरावर वाळवलं आणि नव्या गाडग्यांत भरून तोंडं बांधली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी समाधानानं पुढल्या गावाला गेलो.

ज्वारी निसवल्यावर परत आलो तो वावराच्या धुऱ्यावर भासरे आणि आणखी चारजण उभे. जमनाबाई ओळींतून हिंडत होती. मी पहिलं कणीस हातात घेतलं आणि माझी बोटं काळी झाली. दुसरं घेतलं, तेही तसंच. काणी जागोजाग होती.

"काय कामदारसाहेब," सखारामजी म्हणाले, "हेच का तुमचं औषिद?"

इथे मी जे बोललो ते लिहायला अजून जड जातं. खात्याची अब्रू, माझी कायम न झालेली नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी म्हणालो, "औषध चुकत नाही. लावताना काही चुकलं असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं, आणि हे त्या धुऱ्यावर दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला.

"मंग झालं तं," भासरे म्हणाले. "बाईच्या हाताचीच गोष्ट हाये." अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वावर त्यांच्याकडे द्यायचं असं तिथेच ठरलं. मी वाशीमला येऊन अहवालात लिहिलं: 'शेतकऱ्याने बियाण्यास औषध योग्य रीतीने लावले नाही.' अक्षर सुरेख आलं होतं.

पंधरा दिवसांनी जमनाबाई वाशीमला आमच्या दारात उभी. बरोबर मुलगी, काखेत फडक्यात बांधलेली कणसं. मला वाटलं, बाई आता चार शब्द सुनावणार, आणि तिला तो हक्क होता. बायकोनं तिला पाणी दिलं. तिनं जमिनीवर कणसांचे दोन ढीग केले.

"हे काळं वावरातलं," ती म्हणाली. "अन् हे नाल्याकडच्या कोपऱ्यातलं. सारा कोपरा पाह्यला म्या, येक काणी नाई."

मी विचारलं, कोपऱ्यात वेगळं बी पेरलं होतं का?

"नाई जी. तुमच्याच निळ्या पान्यातलं. नाल्याच्या पुरानं तठचे कोंब वाहून गेले, म्हनून घरी एक गाडगं राखेल व्हतं थे पेरलं. बी एकच, हात बी माहाच. मंग हे काळं काहून अन् हे पांढरं काहून?"

मी म्हणालो, माती वेगळी असेल.

"माती वायली कशी असन? वावर एकच हाये." तिनं दुसरा ढीग माझ्याकडे सरकवला. "साहेब, त्या गाडग्यात मूठ नोती."

कसली मूठ, मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, आणि इतकी वर्षं त्या भागात हिंडून मला जे ठाऊक नव्हतं ते कळलं. त्या गावात पेरणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घर आपल्या बियाण्यातली ओंजळभर ज्वारी मारुतीच्या पारावर आणतं. गुरव ती सगळी एका मोठ्या टोपलीत एकत्र करतो आणि त्यातून प्रत्येक घराला एक-एक ओंजळ परत देतो. ती गावाची मूठ. ती घरी नेऊन आपल्या बियाण्यात चांगली चोळून मिसळायची, दाण्याला दाणा लागला पाहिजे. एकट्याचं कुणाचं पिकू नये, पिकलं तर गावाचं पिकावं, असा त्यामागचा भाव. टोपली देवाची, म्हणून ती कधी धुवायची नाही. कैक वर्षांची काजळी तिच्या कामट्यांत बसलेली असणार.

म्हणजे मी आठ दिवस आधी बी स्वच्छ करून दिलं, आणि पेरणीच्या आदल्या दिवशी साऱ्या गावाची काणी त्यात चोळली गेली. राखून ठेवलेल्या गाडग्याचं तोंड बांधलेलं होतं म्हणून तेवढं वाचलं. कागद लिहिणाऱ्याला गावाची मूठ माहीत नव्हती, आणि कागद वाचून दाखवणाऱ्यानं कुणाला काही विचारलं नव्हतं.

मी ताडकन म्हणालो, "मग ती मूठ बंद केली पाहिजे."

बाई एवढ्या वेळात पहिल्यांदा चिडली. "बंद काहून? माह्या मालकाच्या मागं सणावाराले माह्या दारात कोनी आलं नाई साहेब. गावाची मूठ मातर दर साली आली. थे मी बंद नाई करत."

मग तीच म्हणाली, जशी एखादी बाई स्वयंपाकातलं सांगते तसं, "तुमी औषिद आदी लावता, मूठ मांगून येते. आपुन आदी मूठ घेऊ, मंग औषिद लावू. गावाची काणी असो का घरची, दोनी मरते."

माझ्या खात्यात तेव्हा विलायतेत शिकून आलेले साहेब होते. हे त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, आणि मला तर नव्हतंच नव्हतं.

"आणि वावर?" मी विचारलं.

"अखजी व्हायची हाये अजून. तुमी चार लोकांत बोलले व्हते, आता चार लोकांत येऊनच सांगा."

ती गेल्यावर मी दोन दिवस टाळाटाळ केली. ताप आल्यासारखं वाटतंय, असंही म्हणून पाहिलं. बायकोनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अंग थंड आहे. छकडा सांगू का?" मग जाणं भाग पडलं.

पारावर सखारामजींसमोर आणि गावासमोर मी सांगितलं की बाईचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, आणि त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. वाक्य दोन ओळींचं, पण घाम पुसायला उपरणं पुरेना. शेवटी म्हातारा गुरव म्हणाला, "सरकार चुकलं म्हनते, हे आपल्या हयातीत पयल्यांदाच आयकलं बापा," आणि लोक हसले. त्या हसण्यानं मला वाचवलं. सखारामजी मात्र हसले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत बसले, मग म्हणाले, "ठीक हाये. अजून एक साल. पन या खेपेला काळी निंगाली तं वावर माहं, अन् कामदार, तुमी या गावात पाय ठेवाचा नाई."

त्या साली सुदैवानं खात्यानं मोरचुदाऐवजी गंधक पाठवलं होतं. भिजवणं नाही, वाळवणं नाही, आदल्या दिवशीसुद्धा लावता येणारं. मूठ होती त्या दिवशी मी सकाळपासून पारावर हजर. गुरवानं टोपलीतून ओंजळ दिली, जमनाबाईनं ती घरी नेली, आपल्या बियाण्यात दाण्याला दाणा लावून चोळली, आणि मग बी थोडं थोडं मडक्यात घालून वर गंधक टाकलं. तोंडाला फडकं बांधून आम्ही ते मडकं पाळण्यासारखं हलवलं. उघडलं तेव्हा ज्वारी हळद लागल्यासारखी पिवळी दिसत होती. ते पाहून सात-आठ घरांनी पुड्या मागून नेल्या. सखारामजींनी नेली नाही.

त्या वर्षी निसवणीच्या दिवसांत मी तीनदा त्या गावच्या शिवेपर्यंत जाऊन परत फिरलो. धीर होत नव्हता. चौथ्यांदा वावरात शिरलो तर माझ्याआधी सखारामजी तिथे होते. ओळीमागून ओळ हिंडत होते, कणीस ओढून दाणा चिमटीत फोडत होते आणि बोटं पाहत होते. मी धुऱ्यावर थांबलो. जमनाबाईही विळा घेऊन थांबली होती. त्यांनी सगळं वावर पालथं घातलं. दाण्यांच्या चिकानं त्यांची बोटं पांढरी झाली होती, काळं कुठेच नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसले आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, "जमना, पुढल्या साली मूठ घेतल्यावर माह्याही बियाले लावून देजो."

वावर तिचंच राहिलं. वावराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी साहेबांना लिहिलं की आठ दिवस आधीचं कलम बदलावं, कारण अमुक अमुक. उत्तर आलं की स्थानिक रूढींविषयीचा मजकूर अनावश्यक आहे. कागद तसाच राहिला. मी मात्र प्रत्येक गावात आधी विचारायला शिकलो, तुमच्याकडे पेरणीआधी काय काय करतात? कुठे देवघरातली ज्वारी मिसळत, कुठे लेकीच्या सासरहून आलेली. माझ्या नोकरीत जे काही बरं झालं ते त्या एका प्रश्नामुळे झालं, आणि तो प्रश्न मला जमनाबाईनं दिला. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही म्हणून इथे सांगतो: बाई, तुमचे उपकार आहेत.

नोकरी संपवून वाशीम सोडायच्या दिवशी सामान छकड्यात चढवत होतो तेव्हा ती आली. केस पिकले होते, बरोबर जावई होता. हातात फडक्यात बांधलेली बियाण्याची ज्वारी, गंधक लावलेली, पिवळीधमक. "साहेबायच्या वावरात पेराले," म्हणून तिनं ती माझ्या हातात द्यायला पुढे केली. माझ्या बायकोनं मला बाजूला सारलं आणि पदर पसरला.

"माझी ओटी भरा," ती म्हणाली.

जमनाबाई मागे सरली. "मी? मले नाई चालत माय. मी अशी..."

"तुमच्याच हातची पाहिजे मला," बायको म्हणाली आणि पदर तसाच धरून उभी राहिली.

जमनाबाईनं फडक्याची गाठ सोडली. तिनं एक-एक करून पाच ओंजळी पदरात घातल्या. गंधक उडालं, दोघींना ठसका लागला, दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोघींनीही दोष गंधकाला दिला.

नव्या घरी गेल्यावर बायकोनं ते लुगडं धुतलं नाही. एक दिवस मी पाहिलं, ते माझ्या सदऱ्यांच्या खुंटीला टांगलेलं होतं.